ओळखीवाचून पूजा

२०२५ सालची वर्षप्रतिपदा ३० मार्च रोजी होती. त्या दिवशी सकाळी हैदराबादेतील मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर सर्वांच्या मुखी गेला, तेलुगु शेजाऱ्यांकडून निंबाच्या फुलोऱ्याची उगादी पचडी आली आणि देवळादेवळांत पंचांगश्रवण झाले. त्याच दिवशी शहराच्या पश्चिमेस, हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबोवली येथील ४०० एकरांच्या रानात माती उपसणारी यंत्रे शिरली. विद्यापीठाचे विद्यार्थी आडवे गेले. त्यांतील अनेकांस पोलिसांनी धरून नेले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली आणि तोड थांबविली. तोपर्यंत सुमारे १०० एकरांवरील झाडे आडवी झाली होती. ती जमीन सरकारची की विद्यापीठाची, तिला वन म्हणावे की महसुली पड, हा वाद न्यायालयापुढचा आहे. त्यात आम्ही पडत नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो आपणां सर्वांस आहे. ज्या झाडाचा पाला प्रसाद म्हणून ग्रहण करून आपण वर्षाचा आरंभ केला, त्या जातीच्या झाडांवर त्याच तिथीस कुऱ्हाड पडत असता आपल्याला त्याचे काहीच कसे वाटले नाही? त्या सप्ताहात आम्ही ज्या दोन-तीन धार्मिक सभांना गेलो, त्यांत उत्सवाची वर्गणी, मंडपाचे भाडे आणि महाप्रसादाचा बेत यांची चर्चा झाली. रानाचा उल्लेखही कोणी केला नाही. आमच्यासकट कोणी केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या लाजेपोटी आम्ही पुढे एका देवस्थानाच्या कार्यकारी मंडळापुढे एक साधी सूचना ठेवली. जुबिली हिल्सवरील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानात प्रत्येक ऋतूत एकदा, म्हणजे वर्षातून सहा वेळा, देवस्थानाच्या वतीने मुलांची व मोठ्यांची वनफेरी काढावी. जाणत्या माणसाने झाडे, पक्षी, कीटक दाखवावेत. आणि त्या त्या ऋतूतील व्रतांशी त्यांचा संबंध सांगावा, एवढीच ती सूचना होती. तिच्यावर तीन आक्षेप निघाले. देवाचा पैसा झाडे दाखविण्यासाठी नाही, हा पहिला. अशा फेऱ्या म्हणजे बंगलेवाल्यांची रविवारची चैन, हा दुसरा. तिसरा आक्षेप एका वयोवृद्ध आणि आदरणीय गृहस्थांनी हसत हसत घेतला: आपला धर्म मुळातच निसर्गपूजक आहे, आपल्याला झाडांविषयी बाहेरच्यांनी काय शिकवावे? या तिसऱ्या वाक्यावर सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या आणि सूचना दप्तरी दाखल झाली.

पहिल्या दोन आक्षेपांचा समाचार पुढे घेऊ. तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे, आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. आपण निसर्गपूजक आहोत काय? निदान आपल्या व्रतांचे कर्ते तसे होते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो आपला. ज्याची पूजा करावयाची त्याची ओळख तरी आपल्याला उरली आहे काय?

भाद्रपदातील चतुर्थीपासून पाहू. गणपतीस एकवीस प्रकारची पत्री वाहावी असे आपण पुस्तकातून वाचून दाखवितो. गेल्या चतुर्थीस आम्ही बाजारातून घेतलेली पत्रीची जुडी घरी सोडून पाहिली. तिच्यात ओळखता येण्याजोगी पाने सहाच जातींची होती; बाकीचा पाला रस्त्याकाठच्या कोणत्यातरी कुंपणाचा होता. गुरुजींनी एकवीस नावे उच्चारली, आम्ही एकवीस वेळा पाला वाहिला, आणि घरातील एकाही माणसाला नाव आणि पान यांची जोडी लावता आली नाही. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. ज्या गिऱ्हाइकाला आघाडा आणि गवत यांतील भेद कळत नाही, त्याला त्याने आघाडा शोधून का आणून द्यावा?

गोमंतकातील आपल्या बांधवांची गोष्ट याहून बरी होती. चतुर्थीच्या माटोळीस आंबाडे, फागलां, कांगलां, घागऱ्यो असे रानचे जिन्नस बांधावयाचे म्हणजे घरच्या कोणास तरी आधी रानात जावे लागे, आणि मुलगा बापाबरोबर जाऊन कोणते फळ कोणत्या वेलीस लागते हे शिके. श्रावणातील शुक्रवारी व रविवारी तुळशीपुढे वाहावयाच्या चुडीचेही तेच. पहाटे परसात व बांधावर हिंडून इवली इवली फुले व पाने गोळा करणारी मुलगी वीस-पंचवीस वनस्पतींची नावे कोणी न शिकविता शिकत असे. निसर्गशिक्षण म्हणून आज जे सांगितले जाते ते याहून वेगळे काय आहे? आपली आजी ऋतूऋतूला जो कार्यक्रम चालवीत होती त्याला ती व्रत म्हणे, एवढाच काय तो भेद.

आता आश्विन घ्या. तेलंगण राज्याने २०१४ साली आपली राज्यचिन्हे ठरविली. राज्यवृक्ष शमी, राज्यपुष्प तरवड, राज्यपक्षी नीलपंख. तेलुगूत यांना जम्मी, तंगेडू आणि पालपिट्ट म्हणतात. ही तिन्ही आश्विनातील आहेत, हे ध्यानात घ्यावे. तरवडाची पिवळी फुले आणि कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसे यांनी बतुकम्मा रचावयाची, दसऱ्यास शमीपूजन करावयाचे आणि सीमोल्लंघनास निघाल्यावर नीलपंखाचे दर्शन घ्यावयाचे, असा हा प्रदेशाचा क्रम आहे. नीलपंखाचे दर्शन म्हणजे पक्षिनिरीक्षणच होय! त्यासाठी माणसाने गावाबाहेर, उघड्या माळावर जावे, तारेवर किंवा सुक्या फांदीवर नजर लावावी, आणि निळे पंख उघडून तो उडेपर्यंत धीर धरावा, ही त्या प्रथेतील शिकवण होती. आज काय होते? माळ उरले नाहीत आणि माणसांना सवड उरली नाही. म्हणून फासेपारधी पक्षी पकडून पिंजऱ्यात घालतात आणि दसऱ्याच्या दिवशी घरोघर व देवळांपुढे पैसे घेऊन त्याचे दर्शन घडवितात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि या शहरात असे पक्षी वेळोवेळी सोडवूनही आणावे लागले आहेत. पाय बांधलेल्या, पिसे चिकटवून ठेवलेल्या पाखरास नमस्कार करून आपण विजयादशमीचे पुण्य जोडतो! पकडणारा पोटासाठी पकडतो. त्याचे गिऱ्हाईक मात्र आपल्यासारखा निसर्गपूजकच असतो.

आपट्याचे तरी काय निराळे? आपट्याऐवजी कांचनाची मोठी पाने सोने म्हणून हातात पडतात आणि आपण ती आनंदाने लुटतो. त्या एका सायंकाळसाठी झाडे ओरबाडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते सोने केरात जाते. वटपौर्णिमेस वडाची तोडलेली फांदी विकत आणून कुंडीत खोचावयाची आणि तिला सूत गुंडाळावयाचे, ही शहरी रीत तर सर्वांच्या परिचयाची आहे. इकडे हैदराबादहून चेवेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले शेकडो जुने वड रुंदीकरणाच्या योजनेत आले, आणि त्यांच्यासाठी काही थोड्या नागरिकांना हरित न्यायाधिकरणाकडे वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. सावित्रीने यमाचा पाठलाग केला तो नवऱ्याचा प्राण परत मिळविण्यासाठी. तिची पूजा करणाऱ्यांनी निदान त्या वडांची तरी चौकशी करावी की नाही?

ओळख नसली म्हणजे दुःखही होत नाही. २०२१ साली तेलंगणात ठिकठिकाणी कडुनिंबाचे शेंडे वाळू लागले आणि मोठमोठी झाडे भाजल्यासारखी दिसू लागली. बुरशीने होणाऱ्या शेंडेमर रोगाचा तो प्रादुर्भाव होता. शेतकऱ्यांनी तो पाहिला, वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहिला. वर्षातून एकदा निंबाची डहाळी गुढीला बांधणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी मान वर करून तो पाहिला? आपला धर्म निसर्गपूजक आहे हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार, आमच्या मते, ज्याने ते वाळलेले शेंडे पाहिले त्याला आहे. इतरांच्या तोंडी ते वाक्य म्हणजे पूर्वजांच्या ठेवीवर काढलेली हुंडी आहे, आणि ती ठेव संपत आली आहे.

आता ज्या उद्यानाविषयी सूचना होती त्याकडे वळू. हे उद्यान म्हणजे फुलझाडांचे वाफे आणि कारंजी असलेली बाग नव्हे. शेवटच्या निजामाचे नातू मुकर्रम जाह यांच्या चिरान महालाभोवतीचे ते रान. १९९८ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि आंध्र प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कासू ब्रह्मानंद रेड्डी यांचे नाव देण्यात आले. विस्तार जेमतेम दीड चौरस किलोमीटर. पण शहर बसण्यापूर्वी दख्खनचे पठार येथे कसे होते, हे दाखविणारा तो उरलेला तुकडा आहे. ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, त्यांच्या फटींतून वाढलेले पानझडी झुडुपांचे रान, सीताफळीची दाटी, आणि मोटारींच्या गोंगाटातूनही ऐकू येणारी मोरांची केका. रोज पहाटे शेकडो लोक तेथे येतात, परंतु ते चालण्यासाठी येतात. मनगटावरच्या घड्याळात पावले मोजून ते घरी जातात. ज्या झाडांखालून गेले त्यांची मोजदाद त्यांच्याजवळ नसते.

तरीही या चालणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. कारण २०१६ साली उद्यानाभोवती उड्डाणपूल बांधण्यासाठी हजाराहून अधिक झाडे तोडण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांच्यातीलच पुष्कळजण रस्त्यावर उतरले, झाडांना कवटाळून उभे राहिले, आणि हरित न्यायाधिकरणाने तोडीस स्थगिती दिली. २०२० साली उद्यानाभोवतीचा संवेदनशील पट्टा ठरविण्यात आला, तो काही ठिकाणी अवघा तीन मीटर रुंदीचा. डिसेंबर २०२४ मध्ये भोवतीच्या सहा चौकांतील पूल व भुयारी मार्ग यांच्या नव्या योजनेचा पाया घातला गेला. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. तो पुनःपुन्हा उभा राहणार आहे, आणि प्रत्येक वेळी साक्षीदारांची गरज लागणार आहे. न्यायालयात झाड बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारा मनुष्य लागतो, आणि त्याला झाडाचे नाव ठाऊक असावे लागते.

ऋतूऋतूच्या वनफेऱ्यांचा खरा उपयोग हाच आहे, असे आम्हांस वाटते. त्यांतून साक्षीदार तयार होतात. एकाच वाटेने, त्याच झाडांखालून, वर्षातून सहा वेळा गेलेला मुलगा त्या वाटेचा वारस बनतो. पुढे कोणी त्याला येथे काहीच नव्हते, नुसते काटेरी झुडूप होते, असे सांगू लागला, तर तो म्हणेल की येथे काय होते हे मला ठाऊक आहे, मी ते चैत्रातही पाहिले आहे आणि भाद्रपदातही. कांचा गच्चीबोवलीचे रान शंभर एकरांवर थांबले ते न्यायालयामुळे. परंतु न्यायालयापर्यंत गोष्ट पोहोचली ती त्या रानात नित्य वावरणाऱ्या, तेथील मोर, कासवे व खडक ओळखणाऱ्या तरुणांमुळे. त्यांनी पत्री वाहिली असेल वा नसेल. वनदेवतेची पूजा मात्र त्या दिवशी त्यांच्या हातून घडली.

आता राहिलेल्या आक्षेपांकडे पाहू. देवाचा पैसा झाडे दाखविण्यासाठी नाही, असे म्हणणाऱ्यांनी उत्सवाच्या जमाखर्चात फुले, तोरणे व पत्री यांवरचा आकडा एकदा पाहावा. देवाचा पैसा झाडांवर खर्च होतोच. तो झाडे तोडण्यावर होतो, एवढेच. सहा फेऱ्यांस सहा दिवसांचे गाडीभाडे, प्रवेशमूल्य आणि जाणत्याचे मानधन एवढा खर्च येईल. एका उत्सवातील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीहून तो कमीच भरेल.

ही बंगलेवाल्यांची चैन आहे, या आक्षेपात तथ्यांश आहे. उद्यान श्रीमंत वस्तीत आहे आणि इंग्रजीतून चालणाऱ्या फेऱ्यांत आपल्या घरांतील आजी-आजोबांना परके वाटते, हे आम्ही पाहिले आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष असा की देवस्थानांनीच हे काम हाती घ्यावे, मराठी, कोंकणी व तेलुगूतून चालवावे, आणि जुन्या शहरातील व उपनगरांतील मुलांस गाडीत घालून आणावे. पूर्वेकडच्यांना वनस्थळीपुरम येथील महावीर हरिण वनस्थळी जवळ पडेल. तेथे काळवीट आहेत. पश्चिमेकडच्यांना चिलकूरचे मृगवनी उद्यान आहे. चिलकूरच्या बालाजीस नवस फेडताना भक्त १०८ प्रदक्षिणा घालतात; त्या भक्तांनी एकशे नववी प्रदक्षिणा शेजारच्या रानास घालावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आणखी एक आक्षेप सभेत कोणी घेतला नाही, पण तो घेण्याजोगा होता, म्हणून आम्हीच मांडतो. लोकांच्या झुंडी रानात नेल्याने रानाचेच नुकसान होईल. हे अगदी खरे आहे. कार्तिकात आवळीखाली वनभोजनाची प्रथा तेलंगणात आहे. कारवार-मंगळूरकडील आपल्या कित्येक देवळांतही उत्सवमूर्तीसह वनभोजनाचा सोहळा होतो. त्या प्रथेचे शहरात काय झाले आहे हे भोजनानंतर मागे राहिलेल्या पत्रावळींचा व प्लास्टिकच्या पेल्यांचा ढीग पाहिलेल्यास सांगावे लागणार नाही. सबब वनफेरीस वीस-पंचवीसहून अधिक माणसे नसावीत. खाद्यपदार्थ, ध्वनिक्षेपक व फलक नसावेत. आणि पान-फूल काहीही तोडू नये. राष्ट्रीय उद्यानात ते कायद्याने निषिद्ध आहेच. पत्री रानात ओळखावी आणि देवळाच्या आवारात लावावी, हा नियम असावा. बेल, शमी, आपटा, आवळी, रुई, आघाडा, दूर्वा यांस किती जागा लागते? आवारात फरशा बसविण्यापूर्वी त्या होत्याच.

सरकारी थाटाच्या एकदिवसीय समारंभाची नक्कल मात्र आपण करू नये. १९४८ साली भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत राहिलेल्या कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली केंद्रीय मंत्री असताना वनमहोत्सव सुरू केला. हेतू थोर होता. पण पुढे त्यातील महोत्सव उरला आणि वन मागे पडले. एका सकाळी रोप लावावयाचे, छायाचित्र काढावयाचे, आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावयाचे, ही रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. ओळख एका दिवसात होत नाही. तिला वर्षाचे चक्र पुरे व्हावे लागते. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' प्रसिद्ध केले, त्यात महिन्यामहिन्याने सृष्टीकडे पाहण्याची ही दृष्टी मराठीत आली आहे. या प्रदेशापुरते म्हणाल, तर सलीम अलींनी १९३१-३२ साली निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. आजही १९८० पासून चालत आलेली पक्षिनिरीक्षकांची डेक्कन बर्डर्स ही संस्था आणि १९९६ साली स्थापन झालेली, खडकांच्या रक्षणासाठी झटणारी सोसायटी टू सेव्ह रॉक्स येथे लोकांना माळरानांत नेत आहेत. जाणत्यांची वाण नाही. वाण आहे ती आपल्या इच्छेची.

कार्यक्रम कसा असावा, तेही सांगून ठेवतो. वसंतात निंबाचा फुलोरा आणि वैशाखातील बहावा. ग्रीष्मात वड; आणि पहिल्या सरीनंतर मातीतून निघणारा मखमली मृगाचा किडा. वर्षा ऋतूत, चतुर्थीपूर्वी, पत्रीची ओळख. शरदात तरवड, कुर्डू, शमी, आपटा, आणि मोकळ्या आकाशातील नीलपंख. हेमंतात उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी. शिशिरात पानगळ, उघडे पडलेले खडक आणि फाल्गुनातील पळस. यांतील प्रत्येक गोष्ट आपल्या पंचांगाशी बांधलेली आहे. नवे असे आम्ही काहीच सांगत नाही. विसरलेले आठवून देत आहोत.

पुढील वर्षाची उत्सवपत्रिका छापण्याची वेळ आता जवळ येत आहे. तीत जयंत्या असतील, पालखीच्या वेळा असतील, देणगीदारांची नावे असतील. मराठी आणि कोंकणी वाचकांस आमची विनंती आहे की त्यांनी आपापल्या देवस्थानाच्या सभेत उभे राहून तीत सहा ओळी अधिक घालण्याचा आग्रह धरावा, आणि सूचना पुन्हा दप्तरी दाखल झाली तर ती पुन्हा मांडावी. आम्ही तर मांडणारच आहोत. पुढल्या पाडव्यास निंबाची डहाळी गुढीला बांधताना घरातील लहान मुलाने विचारले, हे झाड कुठे आहे, तर त्याला बाजाराचा नव्हे, झाडाचा पत्ता सांगता यावा, एवढीच आमची इच्छा आहे.